निळ्या शाईतलं ‘लाल’: ग्लासगोतले लॅब रिपोर्ट

मानसशास्त्र शिकायला गेलेली मुलगी दिवसभर करते काय, असं घरून फोनवर विचारतात. सत्र सुरू असताना याचं खरं उत्तर एकच आहे: लॅब रिपोर्ट लिहिते. ग्लासगोत मी करतेय तो कन्व्हर्जन अभ्यासक्रम आहे. भारतात मानसशास्त्रात बी.ए. करून आलेले बरेच जण तो घेतात, कारण इथं पुढं क्लिनिकल किंवा एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट व्हायचं, तर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेलं शिक्षण लागतं. त्यात प्रयोग करणं आणि तो नीट लिहून काढणं याला फार वजन आहे.

पहिला रिपोर्ट स्ट्रूपच्या प्रयोगावर होता. जॉन रिडली स्ट्रूप यांनी तो १९३५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. ‘रेड’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. नुसत्या रंगीत चौकोनांचे १०० रंग सांगायला त्यांच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले होते, अशा शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३. वाचन अंगवळणी पडलेलं असतं. डोळ्यांपुढं शब्द आला की तो वाचला जातोच, आणि रंगाचं नाव त्याला बाजूला सारून पुढं यावं लागतं.

वर्गातला प्रयोग इंग्रजी शब्दांवर झाला. घरी येऊन मी एका कागदावर स्केचपेनांनी ‘लाल’, ‘निळा’, ‘हिरवा’, ‘पिवळा’ असे देवनागरीत शब्द लिहिले, प्रत्येक भलत्याच रंगात, आणि माझ्या स्कॉटिश फ्लॅटमेटपुढं धरला. तिनं एका दमात सगळे रंग सांगितले. तिच्या लेखी ती नुसती रंगीत नक्षी होती. मी मात्र दुसऱ्याच ओळीला अडखळले. पहिलीत पाटीवर गिरवलेली अक्षरं इतकी आत जाऊन बसलेली असतात, हे मला त्या कागदानं दाखवलं. रिपोर्टच्या ‘चर्चा’ या शेवटच्या भागात मी यावरच लिहिलं: सहभागींची मातृभाषा आणि लहानपणची लिपी विचारलेली नसेल, तर सरासरीत दोन वेगवेगळे गट मिसळलेले असू शकतात. इथं वर्गात चिनी, अरबी, मल्याळम वाचत मोठी झालेली मुलं आहेत. त्यामुळं हा मुद्दा वरवरचा नव्हता.

लिहायची सुरुवात प्रस्तावनेपासून करायची नाही, आधी ‘पद्धती’ लिहायची, असं शिक्षकांनी सांगितलं. कसोटी सरळ आहे. माझा रिपोर्ट दुसऱ्या गावातल्या अनोळखी विद्यार्थ्याच्या हातात पडला, तर मला काहीही न विचारता त्याला तोच प्रयोग करता आला पाहिजे. म्हणून शब्दाआधी नजर खिळवायला दाखवलेलं फुलीचं चिन्ह पडद्यावर किती मिलिसेकंद होतं, अक्षरांचा आकार किती, संमती कशी घेतली, मध्येच सोडून जायची मुभा होती का, सगळं लिहायचं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. त्यात छाप पाडायला जागाच नसते, नुसतं खरं सांगायचं असतं.

‘निकाल’ या भागात फक्त काय घडलं ते. त्याचा अर्थ काय, हे ‘चर्चे’त. निकालात येतं ते सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत), टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक तपासणारी), पी-मूल्य (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता), आणि फरक किती मोठा आहे ते. पी-मूल्य कधी एकाच्या वर जात नाही, म्हणून त्याच्या दशांश चिन्हाआधी शून्य लिहायचं नाही, इतक्या बारीक गोष्टीही तपासल्या जातात. ‘सिद्ध झालं’ असं लिहायचं नाही. ‘गृहीतकाला’, म्हणजे प्रयोगाआधी मांडलेल्या अंदाजाला, ‘पाठिंबा मिळाला’ इथवरच.

दुसऱ्या रिपोर्टात पाठांतराच्या वेळी मागं संगीत असण्या-नसण्यानं काय फरक पडतो, हे पाहिलं. आमच्या आकड्यांत सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, फरक आला नाही. इथले शिक्षक याबाबतीत कमालीचे ठाम आहेत: आला नाही तर तसंच लिहा, आणि गृहीतक मागाहून बदलू नका. त्यामागं इतिहास आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ निकाल होते, पुन्हा करताना तसे फक्त ३६ टक्क्यांत आले. ज्या विषयानं स्वतःची अशी जाहीर तपासणी केली, तो शिकताना मला अभिमान वाटतो. आणि ‘फरक आढळला नाही’ या वाक्याला पूर्ण गुण मिळू शकतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच कळायला हवं, इथंही आणि आपल्याकडंही.

पुण्यातल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलची एक गोष्ट मात्र इथल्या साच्यात नाही. म्युलर-लायरचा भ्रम (टोकांच्या बाणांमुळं सारख्याच रेषा लहानमोठ्या दिसणं) असो की आरशात बघून चांदणी गिरवणं, प्रयोग संपला की समोरच्याचं अंतर्निरीक्षण लिहून घ्यायचं: कसं वाटलं, काय युक्ती केली. त्या सवयीनं मी स्ट्रूपनंतरच्या गप्पांत वर्गमित्राला विचारलं. तो म्हणाला, डोळे किलकिले केले की अक्षरं पुसट होतात आणि रंग तेवढा उरतो. म्हणजे त्यानं वाचणंच टाळलं होतं! त्याचे आकडे काय मोजत होते मग? सगळ्यांनाच हा प्रश्न ठरवून विचारावा, अशी सूचना मी चर्चेत केली. तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, ‘हे पुढच्या प्रयोगात कराच.’

पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी: आकडेमोड इथं आर या मोफत संगणकभाषेत करतात. ग्लासगो विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागानं ‘साय-टीच-आर’ नावानं त्याचे धडे सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. व्हिसाची वाट बघत असाल त्या दिवसांत सुरू करा. टी-चाचणीपर्यंत पोचलात तरी पहिलं सत्र बरंच सोपं जाईल.