यंदाचे संकल्प मापात

गेल्या वर्षी १ जानेवारीला मी डायरीच्या पहिल्या पानावर ‘दरमहा ५,००० रुपये शिल्लक टाकणे’ एवढा एकच संकल्प लिहिला होता. जानेवारी कसाबसा निभावला, फेब्रुवारीत तीन हजारांवर समाधान मानले, आणि मार्चमध्ये सोसायटीची त्रैमासिक वर्गणी, स्कूटरचा विमा आणि आईच्या दातांचा खर्च एकाच पंधरवड्यात आल्यावर ती डायरी कपाटात गेली ती गेलीच. दिवाळीच्या साफसफाईत ती पुन्हा हाती लागली, तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने खटकली. त्या संकल्पात रोज उठून करण्यासारखे काहीच नव्हते. महिनाअखेरीस किती उरले ते मोजायचे आणि उरले नसेल तर कुणाला तरी बोल लावायचा, एवढेच काय ते काम.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आईने जपून ठेवलेली जुनी कालनिर्णय दिनदर्शिकाही निघाली. त्या काळी आम्ही ठाण्याच्या नौपाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. वडिलांचा एकट्याचा पगार आणि खाणारी सहा माणसे. १९८७ च्या दिनदर्शिकेत तारखांच्या चौकोनांमध्ये आईच्या बारीक अक्षरात ‘दूध १॥’, ‘दूध नाही’, ‘सिलिंडर लावला’, ‘तेल उघडले’, ‘इस्त्री १४’ अशा नोंदी आहेत. रुपयांचा आकडा मला संपूर्ण वर्षात दोनदाच आढळला, एकदा रद्दीचा आणि एकदा भिशीचा. सिलिंडरच्या नोंदी जोडून पाहिल्या, तर तो ३६ ते ४१ दिवस पुरत असे. फक्त मे महिन्यात, आत्या आणि तिची मुले राहायला आल्यावर, २९ दिवसांत संपलेला दिसतो.

“तू पैसे का लिहीत नव्हतीस?” असे मी आईला विचारले.

“पैसे तुझे बाबा मोजायचे,” ती म्हणाली. “सिलिंडर कधी संपणार ते मला कळायला हवं होतं. नंबर लावून बसावं लागायचं तेव्हा.”

तिच्या दृष्टीने विषय तेथे संपला. मला मात्र माझ्या डायरीतली चूक कळली. तूरडाळीचा भाव माझ्या हातात नाही, विजेचा दर नाही, दूधवाल्याने कधी दोन रुपये वाढवावेत तेही नाही. परंतु महिन्याला किती डाळ शिजते, किती युनिट जळतात आणि किती दूध नासते, हे सर्वस्वी आमच्या घरात ठरते. म्हणून २०२६ चे सगळे संकल्प आम्ही किलो, लिटर, युनिट आणि ‘किती वेळा’ या मापांत लिहिले आहेत.

सुरुवात विजेपासून केली, कारण तेथे मोजमाप आयते मिळते. ठाण्यात आमच्या भागाला महावितरणची वीज येते आणि घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. ३०० चा आकडा ओलांडला की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असा समज आमच्या इमारतीत अनेकांचा आहे. वास्तविक वरचा दर फक्त ओलांडलेल्या युनिटना लागतो. तरीही ती सीमारेषा लक्षात ठेवण्यास सोयीची आहे, म्हणून ‘एकाही महिन्यात ३०० च्या वर नाही’ हा आमचा पहिला संकल्प ठरला. गेल्या वर्षीची बिले काढून पाहिली, तर थंडीत आम्ही १४० च्या आसपास असतो आणि एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत अनुक्रमे ३१८, ३५६ आणि ३३१ युनिट जळली. म्हणजे सर्वांत वाईट महिन्यात कमी करावयाची आहेत ती अवघी ५६ युनिट, आणि त्यासाठी घरभर दिवे मालवत फिरण्याची व मुलाला रागावण्याची माझी जुनी सवय जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण एलईडी दिवे मुळात खातातच किती? आमचे जुने छताचे पंखे ७५ वॅटचे आहेत आणि नव्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या बीएलडीसी पंख्याला पूर्ण वेगातही साधारण ३० वॅट पुरतात. दिवसाला १४ तास पंखा चालतो असे धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला जवळजवळ १९ युनिट वाचतात. बैठकीच्या खोलीतला आणि आईच्या खोलीतला असे दोन पंखे मार्चपूर्वी बदलायचे ठरले आहे, म्हणजे ३८ युनिट तेथेच सुटतील. उरलेली १८ एसी २२ ऐवजी २६ अंशांवर ठेवून आणि सोबत पंखा लावून भागवावी लागतील. त्यावर मुलाची संमती अद्याप मिळालेली नाही.

गीझरचा हिशेबही याच निमित्ताने केला. आमचा गीझर १५ लिटरचा आहे. २५ अंशांचे तेवढे पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.६ युनिट लागते. तो चालू ठेवून पहिल्या अंघोळीनंतर दोन तासांनी दुसरी अंघोळ करायची, ही आमच्या घरची रीत असल्याने मधल्या काळात गरम पाणी आपोआप निवते आणि पुन्हा तापते. आता अंघोळी लागोपाठ होतील.

गॅसचे थोडे निराळे आहे. पाइपचा गॅस आल्यापासून सिलिंडर संपण्याची धास्ती गेली आणि तिच्याबरोबर गॅसकडचे लक्षही गेले. मीटर स्वयंपाकघरातच आहे, पण दोन महिन्यांनी बिल येईपर्यंत त्याकडे कुणी पाहत नाही. प्रत्येक महिन्याच्या १ तारखेला त्यावरचा आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचा, एवढेच तूर्त ठरवले आहे. आकडे हाती आल्याशिवाय ध्येय ठरवणे म्हणजे पुन्हा गेल्या वर्षीची डायरी.

तेलाबाबत पत्नीने मला मागे टाकले. चार प्रौढ माणसांच्या आमच्या घरात महिन्याला साडेतीन लिटर तेल जात होते. तिने अडीच लिटरचे माप ठरवले असून दर सोमवारी ६२५ मिलिलिटर तेल स्टीलच्या बुधलीत काढून ठेवते. ते शनिवारपर्यंत संपले तर रविवारी भजी नाहीत. हे माप जपताना बाजारातली एक गंमत ध्यानात आली. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, पण एक लिटरची समजून आपण उचलतो ती पिशवी कधी ८५० ग्रॅमची निघते, कधी त्याहूनही हलकी. आकार तोच, किंमत दोन रुपयांनी कमी, आणि आपण खूश. आता पाकिटांवर दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमत छापलेली असते. दुकानात फक्त तोच आकडा पाहून तुलना करावी, असा माझा अनुभव आहे. तो इतक्या बारीक अक्षरांत का छापतात, हे मी विचारणार नाही, परंतु वाण्याकडे जाताना चष्मा न्यावा लागतो.

घाऊक खरेदीविषयी मला थोडे कबूल करावयाचे आहे. निवृत्तीनंतरच्या उत्साहात गेल्या एप्रिलमध्ये मी ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईत तुर्भ्याला गेलो, बाजार समितीच्या दाणाबाजारातून ५० किलो गहू, २५ किलो तांदूळ आणि १० किलो तूरडाळ घेतली आणि टेम्पो करून घरी आणली. किलोमागे चांगले पैसे सुटले, म्हणून मी महिनाभर तोऱ्यात होतो. आईने डाळीला एरंडेल चोळायला सांगितले होते आणि गव्हात कडुलिंबाचा सुकवलेला पाला व बिब्बे घालायला सांगितले होते. हवाबंद डबे आणले आहेत, आता त्याची काय गरज, असे मी म्हणालो. जुलैअखेर तांदळात पोरकिडे झाले आणि ऑगस्टमध्ये डाळीत टोके. नौपाड्याच्या घरासमोर अंगण होते, वाळवण घालता येत होते; वर्तकनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ऊन येते ते एका खिडकीत, सकाळी दीड तास. साडेचार किलो तांदूळ टाकून द्यावा लागला, टेम्पोचे भाडे वेगळेच, आणि सगळा हिशेब मांडल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दरमहा आणले असते तरी फारसा फरक पडला नसता, असे दिसले. वर्षाची बेगमी ही ऊन आणि जागा असलेल्या घराची काटकसर आहे. आमच्यासारख्यांनी जूनच्या सुरुवातीला तीन महिन्यांचे आणावे आणि गणपतीपूर्वी संपवावे. वर्षभराचा एवढा एकच जिन्नस आम्ही ठेवला आहे, तो म्हणजे तिखट-मसाला. पाडवा यंदा १९ मार्चला आहे. तो झाला की रंगासाठी बेडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची आणून, गच्चीवर वाळवून कांडपावर न्यायची.

भाजीचा संकल्प उलटा आहे, म्हणजे किती आणली ते न लिहिता किती फेकली ते लिहायचे. जांभळी नाक्यावर स्वस्त मिळाली म्हणून मी कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणतो आणि एक काळी पडते. डिसेंबरमध्ये प्रयोग म्हणून नोंद ठेवली तेव्हा तीन जुड्या, अर्धी मेथी, पाव लिटर दूध आणि अकरा पोळ्या एवढा ऐवज कचऱ्यात गेला होता. आता बुधवारी रात्री नवे काही शिजणार नाही. फ्रिजमध्ये असेल त्याचे थालीपीठ होईल किंवा फोडणीची पोळी.

मुलगा ऐरोलीला नोकरी करतो. ठाण्याहून ते दुसरेच स्टेशन आहे, तीन महिन्यांचा पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो, आणि तरीही उशीर झाला की तो रिक्षाने जातो. रिक्षा महिन्यात चार वेळा आणि बाहेरून जेवण मागवणे महिन्यात दोन वेळा, एवढे त्याने स्वतः मान्य केले आहे. येथेही मी रुपयांची मर्यादा सुचवली होती, परंतु पदार्थाची किंमत, पॅकिंग, पोहोचवण्याचे शुल्क आणि वर सवलतीचे कूपन यांतून खरा खर्च किती, यावरच वाद होत बसला असता. ‘दोन वेळा’ यात वादाला जागा नाही.

मापात न बसणारा एकच भाग उरला, तो वर्षातून मोजक्याच वेळा येणाऱ्या मोठ्या रकमांचा, आणि गेल्या वर्षी डायरी बुडाली ती याच रकमांनी. सोसायटी, मालमत्ता कर, आरोग्यविमा, स्कूटर, गणपती, दिवाळी यांची बेरीज आमच्याकडे सुमारे ९६,००० रुपये होते. तिचा बारावा भाग, म्हणजे ८,००० रुपये, निवृत्तिवेतन जमा होताच वेगळ्या बचत खात्यात जाईल आणि त्या खात्याचे कार्ड कुणी जवळ बाळगणार नाही. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, त्यामुळे नूतनीकरणाची नोटीस येईल तेव्हा आकडा नीट तपासायचा आहे. शिवाय यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे गणपतीही १४ सप्टेंबरपर्यंत लांबले आहेत आणि धोंड्याच्या महिन्याचे वाण जावयाला द्यायचे आहे. मी चांदीच्या निरांजनाचा विषय काढला. चांदीचा भाव वर्षभरात कुठल्या कुठे गेला आहे, हे मलाही ठाऊक होते.

“अहो, तांब्याचं ताट आणि तेहतीस अनारसे,” पत्नी म्हणाली. “यात काय कमी आहे?”

जावई मधुमेहाच्या सीमेवर आहे, हे मी बोललो नाही.

नवे कालनिर्णय स्वयंपाकघरात, आईच्या डोळ्यांना दिसेल अशा उंचीवर लावले आहे आणि लिहिण्याचे काम तिनेच घेतले आहे. १ तारखेच्या चौकोनात दोन्ही मीटरचे आकडे आणि ‘दूध १।’ असे आहे. ३ तारखेच्या चौकोनात शाकंभरी पौर्णिमा छापलेली आहे आणि तिच्याखाली, बिर्याणीचा डबा अजून टेबलावर असतानाच, आईने निळ्या शाईने ‘हॉटेल १’ असे लिहून टाकले.