बुजगावण्याच्या अंगावरचे कपडे

1996 साली युगांडाच्या नैऋत्य कोपऱ्यातील ब्विंडी राष्ट्रीय उद्यानात पर्वतीय गोरिलांच्या एका लहान कळपातील प्राण्यांचे केस झडू लागले आणि कातडी पांढरट पडून तिच्यावर खवले धरू लागले. देशाच्या वन्यजीव खात्यात नुकत्याच रुजू झालेल्या तरुण पशुवैद्यक ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका तेथे पोहोचल्या आणि निदान झाले ते खरजेचे. कळपातील एक पिल्लू दगावले, उरलेले प्राणी आयव्हरमेक्टिन या औषधाने बरे झाले. मात्र ही खरूज जंगलातली नव्हती. उद्यानाची हद्द ओलांडून केळीच्या बागांत शिरणाऱ्या गोरिलांनी शेतातली बुजगावणी हाताळली असावीत, आणि त्या बुजगावण्यांच्या अंगावर गावातल्याच माणसांचे जुने, मळके कपडे होते, असा तिचा माग निघाला.

माणूस, वन्यप्राणी आणि जंगल यांच्या आरोग्याचा परस्परसंबंध समजावून सांगताना मोठमोठ्या आकृत्या काढल्या जातात, पण मला त्या बुजगावण्याइतके स्पष्ट चित्र दुसरे कोणतेही वाटत नाही. ज्या घरातले कपडे त्याच्या अंगावर चढले, त्या घरात पाणी लांबून आणावे लागत असणार, एका अंथरुणावर चार जण झोपत असणार आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर नसणार, कारण खरूज टिकते ती अशाच परिस्थितीत. गोरिलांना कितीही औषध दिले असते तरी त्या घरातली खरूज तशीच राहिली असती, आणि पुढच्या हंगामात केळी पिकल्यावर ती पुन्हा जंगलात गेली असती.

कालेमा-झिकुसोका यांच्या कामाचे मोठेपण मला यात दिसते की त्यांनी माणसाच्या आजाराकडे गोरिलांना असलेला धोका म्हणून पाहिले नाही, तर त्या माणसाचाच प्रश्न म्हणून पाहिले. 2003 साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘कन्झर्वेशन थ्रू पब्लिक हेल्थ’ ही संस्था स्थापन केली आणि उद्यानाभोवतीच्या गावांतून आरोग्य व संवर्धन स्वयंसेवकांची पथके उभी राहिली. हे स्वयंसेवक त्याच गावचे रहिवासी असतात. ते घरोघर जातात. हात धुण्याची सोय आहे का, शौचालय आणि कचऱ्याचा खड्डा झाकलेला आहे का, घरात कोणाला बरेच दिवस खोकला आहे का, हे पाहतात आणि क्षयाचा संशय आला तर रुग्णाला आरोग्यकेंद्रात पाठवतात. त्याच भेटीत गोरिला अंगणात किंवा बागेत आले होते का, हेही विचारले जाते. दोन निरनिराळ्या खात्यांचे दोन निरनिराळे कर्मचारी एकाच उंबरठ्यावर दोनदा येण्यापेक्षा ही रीत कितीतरी शहाणपणाची आहे.

जंगलाच्या बाजूने चालणारे कामही तितक्याच बारकाईचे आहे. गोरिला दररोज संध्याकाळी फांद्यापानांचे नवे घरटे करून झोपतो आणि सकाळी ते सोडून निघून जातो. त्या रिकाम्या घरट्यांतील विष्ठेचे नमुने गोळा केले की प्राण्याला हातही न लावता त्याच्या पोटातील जंत आणि रोगजंतू तपासता येतात. गावातल्या गुराढोरांचे नमुनेही तपासले जातात, कारण तोच ओढा माणूस, गाय आणि गोरिला हे तिघेही वापरत असतात. शेतात उतरलेल्या गोरिलांना इजा न करता पुन्हा जंगलात वळवून नेणारे गावकरी स्वयंसेवक वेगळे आहेत, आणि त्यांच्या धीराचे मला फार अप्रूप वाटते.

या कामात कुटुंबनियोजनाचाही समावेश आहे, आणि येथे थोडे थांबायला हवे. जंगल वाचवण्यासाठी गरिबांनी मुले कमी जन्माला घालावीत, असा अर्थ त्यातून निघत असेल तर तो मला मान्य नाही. परंतु दोन बाळंतपणांत अंतर असावे असे बाईला स्वतःला वाटत असेल आणि त्याचे साधन तिला तिच्याच गावातल्या, ओळखीच्या बाईकडून मिळत असेल, तर ती तिच्या हक्काची सेवा आहे, मग तिचा जंगलाला उपयोग होवो अथवा न होवो.

लोकांना आधी विचारायचे, ही गोष्ट याहूनही ठळकपणे दिसते ती इंडोनेशियात, पश्चिम कालिमंतानमधील गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात. ओरांगउटानांचे घर असलेले हे जंगल बेकायदा लाकूडतोडीने विरळ होत चालले होते. अमेरिकी डॉक्टर किनारी वेब आणि त्यांच्या स्थानिक सहकाऱ्यांनी गावोगावी दीर्घ बैठका घेऊन, जंगल राखायचे तर तुम्हाला काय हवे, असे विचारले. परवडणारे वैद्यकीय उपचार आणि रासायनिक खताविना शेती करण्याचे प्रशिक्षण, असे उत्तर पुन्हा पुन्हा आले. घरात कोणी आजारी पडले की उपचाराच्या खर्चासाठी झाडे तोडावी लागतात, हे त्यामागचे साधे आणि विदारक कारण होते. 2007 साली तेथे दवाखाना सुरू झाला. ज्या गावांतली तोड कमी होईल त्या गावांना उपचारात अधिक सवलत मिळू लागली, आणि ज्यांच्याजवळ रोख पैसे नव्हते त्यांना रोपे, शेणखत, हस्तकलेच्या वस्तू किंवा श्रम देऊन उपचाराचे पैसे फेडता येऊ लागले. तीच रोपे पुढे उजाड झालेल्या जंगलात लावली गेली.

या उपक्रमाच्या पहिल्या दहा वर्षांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. या काळात 28,400 हून अधिक लोकांनी दवाखान्याचा लाभ घेतला, मलेरिया व क्षयाच्या निदान झालेल्या रुग्णांचे प्रमाण घटले, आणि इंडोनेशियातील तुलनेसाठी निवडलेल्या इतर उद्यानांच्या मानाने येथील जंगलतोड सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाली. ज्या गावांनी दवाखान्याचा अधिक वापर केला त्यांच्याजवळच्या जंगलातली तोड सर्वाधिक घटली, हा त्यातला निष्कर्ष मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. औषधाची गोळी झाड वाचवते हे ऐकायला विचित्र वाटते खरे, पण आजारपणासाठी काढलेले कर्ज ज्याने फेडले असेल त्याला त्यात विचित्र काहीच वाटणार नाही.

नेपाळमधील पूर्वीच्या नवलपरासी जिल्ह्यातल्या पिठौली गावाचाही येथे उल्लेख करायला हवा. गुरांना दिल्या जाणाऱ्या आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे दक्षिण आशियातील गिधाडे मृत्युमुखी पडत असताना, तेथील लोकांनी 2006 साली गिधाडांसाठी सुरक्षित खाद्यस्थळ सुरू केले. म्हातारी गुरे आणून ती नैसर्गिकरीत्या मरेपर्यंत सांभाळायची आणि मगच गिधाडांपुढे ठेवायची, अशी त्याची रीत आहे.

अशा कामांची खरी कसोटी संकटात लागते. 2020 च्या महासाथीत ब्विंडीतले पर्यटन बंद पडले, त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांची मिळकत गेली, आणि लोक पुन्हा शिकारीकडे वळू लागले. त्याच वर्षी जून महिन्यात राफिकी नावाचा प्रौढ नर गोरिला लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी शिरलेल्या माणसाच्या हातून मारला गेला. त्यानंतर कालेमा-झिकुसोका यांच्या संस्थेने लवकर येणाऱ्या पिकांचे बियाणे गावांत वाटले. पर्यटकांसाठी मुखपट्टी आवश्यक झाली आणि गोरिलांपासून राखायचे अंतर 7 मीटरवरून 10 मीटर करण्यात आले. अंतराचा नियम माणसाचा श्वास गोरिलापर्यंत जाऊ नये म्हणून होता आणि बियाण्याची पिशवी माणसाची भूक जंगलापर्यंत जाऊ नये म्हणून होती. माझ्या लेखी ही दोन्ही आरोग्याचीच कामे आहेत.

ब्विंडीतल्या स्वयंसेवकांची पथके इतकी वर्षे टिकली त्याचे एक कारण त्यांच्या व्यवस्थेत आहे. त्यांना पगार नाही. त्याऐवजी गटाला शेळ्या किंवा गुरे दिली गेली, आणि त्यांच्या उत्पन्नातून व बचतगटातून सदस्यांचे भागत राहिले. देणगीचा एखादा हप्ता चुकला तरी शेळ्यांची वीण थांबत नाही.

तरीही ब्विंडीच्या कहाणीत एक हिशेब अपुरा आहे आणि तो मनातून जात नाही. 1991 साली हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहणाऱ्या बटवा लोकांना तेथून बाहेर काढले गेले. जंगलातली औषधी मुळे, मध आणि प्राण्यांच्या वाटा ज्यांना सर्वांत चांगल्या ठाऊक होत्या, ते जंगलाच्या कडेला भूमिहीन होऊन राहिले. गोरिलांची संख्या वाढली, 2018 साली ब्विंडीत झालेल्या गणनेनंतर जगभरातील पर्वतीय गोरिलांची मोजणी 1,063 वर पोहोचली आणि त्याच वर्षी ‘अत्यंत संकटग्रस्त’ या वर्गातून त्यांना एक पायरी खाली आणण्यात आले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बटवांच्या वस्तीतले मूल त्या काळात किती निरोगी झाले, हा प्रश्न त्याच मोजणीशेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत लिहिलेला मला पाहायचा आहे.