आरोपी क्रमांक सहाचं अपील

सत्र न्यायालयाचं निकालपत्र हातात पडलं तेव्हा त्यात मी फक्त माझ्या धाकट्या भावाला शोधत होते. तो आरोपी क्रमांक ६. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२, म्हणजे खून, सह १४९; शिक्षा जन्मठेप. पण त्याने नेमकं काय केलं, हे पानंच्या पानं उलटूनही सापडेना. क्रमांक १ ने कुऱ्हाडीने डोक्यात वार केला, क्रमांक २ ने दुसरा वार केला, क्रमांक ३ ने धरून ठेवलं आणि इतरांनी काठ्यांनी व लाथाबुक्क्यांनी मारलं. एवढंच. माझा भाऊ त्या "इतरां"मध्ये जन्मभरासाठी आत गेला होता.

भांडण शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं होतं, भावकीतलं. गेलेला माणूस नात्याने आमचा चुलता, आम्ही त्याला दादा म्हणायचो. माझ्या लग्नात पंक्तीत वाढायला तो सगळ्यात पुढे होता. त्याचा जीव गेला, काकूचा संसार उघड्यावर पडला, याचं दुःख आमच्याही घरात होतं. ज्यांनी मारलं त्यांना शिक्षा व्हावी असंच मला वाटत होतं आणि आजही वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं कृत्य लिहिलेलं असावं. आरडाओरडा ऐकून शेतातल्या आखाड्यावरून धावत आलेला आणि कुऱ्हाड चालवणारा एकाच मापाने मोजले जाऊ नयेत.

कलम १४९ समजायला मला वेळ लागला. पाच किंवा त्याहून जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव आणि त्यांचा एक समान उद्देश सिद्ध झाला, की त्या उद्देशासाठी जमावातल्या कुणीही केलेल्या गुन्ह्याला प्रत्येक जण जबाबदार. हात कुणाचा उठला हे मग दुय्यम ठरतं. कायदा असा का आहे हेही कळलं. दहा जणांनी घेरून माणूस मारायचा आणि नंतर प्रत्येकाने "माझा वार जिवावरचा नव्हता" म्हणायचं, तर मेलेल्याला न्याय मिळणारच नाही. पण खेड्यात भांडण झालं की सगळी आळी धावते. धावून आलेला प्रत्येक जण त्या उद्देशात सामील होता का, हा प्रश्न आमच्या खटल्यात कुणी नीट विचारलाच नव्हता.

तो न विचारण्याचं कारण साधं होतं. नऊही आरोपींचा वकील एक होता. दोघे सुटले, सातांना शिक्षा झाली. आता अपीलही एकत्रच करायचं, घरामागे वर्गणी काढायची, असं भावकीतल्या थोरल्यांनी ठरवून टाकलं. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट आणि लगेच मिळते, त्यामुळे कागद हातात होता. छत्रपती संभाजीनगरला ज्या वकील मॅडमना मी तो दाखवला, त्यांनी वाचून पहिलाच प्रश्न विचारला, "सगळ्यांचा बचाव एकच आहे का?"

नव्हता. ज्याच्या हातात कुऱ्हाड होती त्याचा वकील म्हणणार, भांडण अचानक पेटलं, आधी ठरवलेलं काही नव्हतं, म्हणून हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. माझ्या भावाच्या बाजूने म्हणायचं होतं, की त्याने हात उचललाच नाही. एकाच तोंडाने या दोन गोष्टी सांगता येत नाहीत. एकाला वाचवायला दुसऱ्याकडे बोट दाखवावं लागतं आणि सामाईक वकील ते कधीच करू शकत नाही. मी भावाचं अपील वेगळं करायचं ठरवलं. थोरले चुलते म्हणाले, "बाई, तू भावकीत फूट पाडायलीस." आई दोन दिवस जेवली नाही. तिला भीती, की उद्या गावात पाणी द्यायलाही कुणी उभं राहणार नाही. तरी हर्सूलच्या कारागृहात भावाची सही घेऊन वेगळं वकीलपत्र दाखल झालं. समूहाच्या खटल्यात घरचा माणूस अडकलेल्यांना मी हेच कळकळीने सांगते: वकील वेगळा करा, आणि जमलं तर खालच्या कोर्टातच करा.

पैसे नाहीत म्हणून हे अडत नाही. क्रमांक ४ हा माझा चुलतभाऊ, त्याच्या घरी काहीच नव्हतं. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. कारागृहातूनच अर्ज गेला आणि उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीने त्याला वकील दिला. तो वकील तरुण होता, पण कागद तोंडपाठ करून यायचा.

जालना रोडवरची उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची इमारत पहिल्यांदा पाहिली तेव्हा आईचे पाय लटपटले. तिथल्या एका जुन्या कारकुनाने तिला बसवून सांगितलं, की हे खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झालं, त्याआधी आपल्याकडच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची. त्या एका वाक्याने तिला धीर आला. आम्ही निदान सकाळी मराठवाडा एक्स्प्रेसने येऊन रात्री घरी पोचू शकत होतो.

अपील दाखल करून घेतलं गेलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ खाली शिक्षा स्थगित करून जामीन द्या, हा अर्ज मात्र फेटाळला गेला. त्यानंतरचा काळ सांगण्यासारखा नाही. मोबाईलवर केस स्टेटस पाहायचं, मुलाखतीला जायचं, काचेपलीकडच्या भावाला "अजून बोर्डावर, सुनावणीच्या यादीत, आलं नाही" म्हणायचं. मधेच १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. गावात कुणीतरी उठवलं की जुने खटले आता नव्याने चालणार. तसं काही नव्हतं. गुन्हा जुना, अपीलही आधीच दाखल झालेलं, त्यामुळे आमचं सगळं जुन्याच कलमांखाली चाललं.

पेपर बुक तयार झालं तेव्हा खरं काम सुरू झालं. फिर्याद, जबाब, उलटतपास, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, सगळं एका बांधणीत. अपिलात न्यायमूर्तींसमोर साक्षीदार येत नाहीत, हे कागदच बोलतात. मी शाळेत शिकवते. रात्री वह्या तपासून झाल्या की हे बाड घेऊन बसायचे आणि भावाचं नाव येईल तिथे पेन्सिलीने खूण करायचे. खुणा फार थोड्या झाल्या. काकूने त्याच रात्री दिलेल्या फिर्यादीत पाच नावं होती आणि "इतर चार-पाच जण". भावाचं नाव त्यात नव्हतं, ते काही दिवसांनी पुरवणी जबाबात आलं. प्रत्यक्षदर्शी तिघे: काकू, तिचा पुतण्या आणि शेजारच्या वावरातला गडी. कोर्टात भावाचं नाव एकट्या पुतण्याने घेतलं. भावाच्या हातात काठी होती असं तो साक्षीत म्हणाला, पण पोलिसांना दिलेल्या जबाबात काठीचा उल्लेखच नव्हता. काठी काढून दिल्याच्या पंचनाम्याचा पंच फितूर झाला होता, आणि रासायनिक तपासणीत काठीवर रक्त मिळालं नव्हतं. मृत्यू डोक्यावरच्या दोन वारांनी झाला, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

एक अडचण मोठी होती. खालच्या कोर्टात सामाईक वकिलाने सगळ्यांकडून एकच उत्तर वदवून घेतलं होतं, की आम्ही तिथे नव्हतोच. भाऊ तिथे होता, हे त्याने मला मुलाखतीत सांगितलं होतं. "अक्का, मी पळत गेलो तवर दादा खाली पडले होते. मी नुसता उभा राहिलो." मॅडम म्हणाल्या, त्याच्या उत्तरावर आपण उभं राहायचंच नाही. सरकार पक्षाचा पुरावा जसा आहे तसा धरला तरी त्यातून काय सिद्ध होतं, तेवढंच विचारायचं.

सुनावणी दोन न्यायमूर्तींसमोर झाली. मला चकित करणारी गोष्ट ही, की दोन्ही बाजूंनी सर्वोच्च न्यायालयाचा एकच निकाल वाचला: मसाल्टी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार, १९६४. सरकारी वकिलांनी त्यातलं हे वाचलं, की जमावातल्या प्रत्येकाने प्रत्यक्ष वार केला हे सिद्ध करायची गरज नाही. मॅडमनी त्यातलंच पुढचं वाचलं. आरोपी खूप असतील तेव्हा खबरदारी म्हणून, एखाद्याविरुद्ध दोन-तीन साक्षीदारांची सुसंगत साक्ष आहे का ते न्यायालयाने पाहावं. मग त्यांनी माझ्याच खुणांची यादी वाचली. माझ्या भावाविरुद्ध एकच साक्षीदार, तोही काठीच्या मुद्द्यावर बदललेला. एका न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं, "क्रमांक ६ बद्दल दुसरा साक्षीदार दाखवा." त्यांनी पानं चाळली. दुसरा नव्हता.

काकूचंही अपील त्याच दिवशी सोबत ऐकलं गेलं. २००९ च्या दुरुस्तीने पीडिताच्या वारसाला निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला आहे, तो वापरून ती सुटलेल्या दोघांविरुद्ध आली होती. ती आमच्या मागच्याच बाकावर बसली होती. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. पण ती आली होती हे मला योग्य वाटलं. तिचा हक्क आमच्याइतकाच होता, माझ्या मते जास्तच.

निकाल आला. क्रमांक १, २ आणि ४ यांची जन्मठेप कायम, आता ३०२ सह ३४ खाली, म्हणजे काहींनी मिळून एकाच इराद्याने केलेला खून म्हणून. पाचपेक्षा कमी माणसं उरली आणि आणखी अनोळखी लोक होते हेही सिद्ध होत नव्हतं, म्हणून १४९ टिकलं नाही. क्रमांक ४ ने मृताचे हात धरले होते, हे तिघाही साक्षीदारांनी सांगितलं होतं. ज्याच्याबद्दल सत्र न्यायालयाने तेच लिहिलं होतं त्या क्रमांक ३ बाबत मात्र साक्षी जुळल्या नाहीत. तो, माझा भाऊ आणि आणखी दोघे संशयाचा फायदा मिळून सुटले. काकूचं अपील फेटाळलं गेलं.

सुटका लगेच होत नाही. त्याच प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ अ प्रमाणे सहा महिन्यांसाठी जातमुचलका आणि जामीनदार द्यावा लागतो, वरच्या न्यायालयाने बोलावलं तर हजर राहण्यासाठी. जामीनदार म्हणून गावातून उभा राहिला तो तोच चुलता, ज्याने मला फूट पाडणारी म्हटलं होतं.

क्रमांक ४ ची बायको निकालाच्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे त्याचं कृत्य लिहिलेलं आहे, मी मागत होते तसंच, आणि तरी तिला काय सांगावं मला सुचेना. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी नव्वद दिवस असतात. तिथेही विधी सेवा समिती आहे. तिला लिहिता येत नाही, म्हणून अर्ज मी भरतेय, आणि पेपर बुकात या वेळी चुलतभावाच्या नावावर खुणा करतेय.