"आणि पायलट?"

आज राजवाड्याहून परतताना मामांनी एवढंच विचारलं. मी त्यांना अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या त्या विमानाबद्दल सांगत होते, १९७६ च्या डिसेंबरात सुमारे ६००० पौंड गांजा घेऊन निघालेलं लॉकहीड लोडस्टार डोंगरातल्या तळ्यात कोसळलं, मग थंडीत क्लाइंबर पोरांनी तळ्यावरचा बर्फ कापून गठ्ठे काढले, विमानाच्या इंधनात भिजलेले, आणि पाठीवर लादून खाली आणले.

पायलट दोघं होते. गांजा आधी वर आला, ते मात्र १९७७ च्या उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर.

माल किती, कमाई कोणाची, हेच जो तो रंगवून सांगतो. मला मामांचा प्रश्न काही केल्या सोडत नाहीये. तस्करी चूकच, पण त्यांच्याही घरी कोणी वाट बघत असेलच ना?