खांदे उडवायला शिकले

मार्चअखेरीला मानेनं दगा दिला. ऐरोलीत अकाउंट्सचं काम, दिवसाचे नऊ तास स्क्रीनपुढे. संध्याकाळी ठाणे लोकलमध्ये उजवा हात वर करून कडी धरवेना. मान आणि खांद्याच्या मधोमध सुपारीएवढी गाठ, दाबली की थेट कानामागे कळ. बाम, शेक, नवी उशी सगळं झालं. सासूबाई म्हणाल्या, "आराम कर गं जरा." केला. कामावर गेले, दोन दिवसांत परत तेच.

नौपाड्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी हाताला मुंग्या येतात का विचारलं, पकड बघितली. नस दबलेली नव्हती. कुरकुरत होता तो ट्रॅपेझियस, म्हणजे मानेपासून खांद्याकडे जाणारा स्नायू. मग २ किलोचं डंबेल पुढे केलं. दुखतंय तिथंच वजन? मी म्हटलं, रोज तलावपाळीला चालते की. "चाला ना ताई, पण त्यानं खांद्याला काय काम मिळतं?" डेन्मार्कमधला २००८ चा एक अभ्यास त्यांनी सांगितला. मान-खांदा दुखणाऱ्या बायकांपैकी काहींनी सायकल मारली, काहींनी खांद्यांचे वजनी व्यायाम केले, आठवड्यातून ३ वेळा, २० मिनिटं, १० आठवडे. टिकून उतार पडला तो वजनवाल्यांना.

माझंही वेळापत्रक तेच. खांदे कानापर्यंत उचलायचे आणि सावकाश सोडायचे (बिनवजनाचे खांदे उडवणारे आमच्या ऑफिसात पुष्कळ आहेत). हात बाजूनं खांद्याइतके वर. वाकून एका हातानं वजन कमरेकडे ओढायचं. खाली आणताना मनात तीन आकडे; खरी परीक्षा तिथंच.

पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं. घाबरून फोन केला. "उद्यापर्यंत उतरलं तर चालू ठेवा, नाही उतरलं तर वजन कमी करा." उतरलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत फरक मात्र शून्य, चिडून दोनदा खाडाही केला. मे महिन्यात गावी डंबेल कोण नेणार, पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या.

सहाव्या आठवड्यात वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढला, उपमा झाला, आणि ताटावर बसल्यावर लक्षात आलं की डबा उजव्या हातानं काढला होता.

आता ४ किलोवर आहे. गाठ पुरती गेलेली नाही, ऑफिसात हिशेब बंद करायच्या, म्हणजे क्लोजिंगच्या आठवड्यात डोकं वर काढतेच. २ किलोचं डंबेल सासूबाईंनी पनीरवर दाब म्हणून ठेवायला घेतलंय.