वरळीच्या चाळीतली उघडी दारं

मेट्रो-३ने आचार्य अत्रे चौक, तिथून चालत जांबोरी मैदान. वाटेत बांधकामाची धूळ भरपूर, बाकी काही नाही.

बीडीडी, म्हणजे ब्रिटिश काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेली चाळ बाहेरून बघण्यात अर्थ नाही, आत शिरावं. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला २० खोल्या. मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्हीकडे १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामाईक. भर दुपारी पॅसेजमध्ये ट्यूबलाइट चालू. दारांशी चपलांचे स्टँड, निळी पिंपं. दारं बहुतेक उघडी, पडदे मात्र ओढलेले.

शेजारधर्म म्हणून या उघड्या दारांचं कौतुक होतं, ते ऐकून मला वैताग येतो. दारं उघडी राहण्याचं कारण साधं आहे, ते नकाशात आहे. पॅसेज मधून गेल्यामुळे खोलीला बाहेरची भिंत एकच, खिडकी तिथेच. आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट म्हणजे दार, पॅसेज आणि समोरच्याचं दार. समोरच्याने कडी लावली की इकडची खोली कोंदते. फोडणीचा ठसकाही त्याच वाटेने शेजारी पोचतो. एका पॅसेजवर खोल्यांच्या दोन रांगा भागवल्या की बांधकाम स्वस्त पडतं, एवढाच तो हिशोब. शेजारधर्म त्यातून आपसूक निघाला.

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात हे बीडीडी खातं निघालं. पैशासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर. बेत ५०,००० खोल्यांचा, झाल्या साधारण साडेसोळा हजार. २०७ चाळी, त्यातल्या १२१ वरळीत. कित्येक खोल्या बरीच वर्षं रिकाम्याच राहिल्या. पुढे काही चाळींत सत्याग्रहींना कोंडलं.

आता वरळीच्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५मध्ये चाळकऱ्यांना नव्या टॉवरमधल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. ५०० चौरस फूट, दोन बेडरूम, संडास घरात. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला चाळसंस्कृती शिकवू नये. घर हवंच होतं. पण आता वाऱ्यासाठी समोरच्याची गरज उरली नाही. आणि उंच इमारतीत पॅसेज म्हणजे आगीत पळायची वाट, तिथे पिंप नको, स्टँड नको, कॅरमचा बोर्ड तर नकोच. भेट व्हायची ती लिफ्टची वाट बघताना.

जुन्या चाळी पाडायच्या आत जाऊन या. फोटो विचारून काढा, पडद्यामागे कुणीतरी जेवत असतं.