वीस बैलांची युरिक्लिया

आज दुपारी होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याचा एकोणिसावा सर्ग वाचत बसले आणि गॅसवरची डाळ लागली. वास आला, तरी उठवेना.

काव्याचा नायक, राजा ओडिसियस, वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी आलाय. बायकोही ओळखत नाही. म्हातारी दाई युरिक्लिया त्याचे पाय धुवायला बसते आणि तिची बोटं गुडघ्यावरच्या जुन्या व्रणावर जातात. पोरवयात शिकारीला गेला असताना रानडुकरानं सुळा मारला होता, तोच. हातातून पाय सुटतो, काशाचं भांडं कलंडतं, पाणी सांडतं. (काशाचं म्हटल्यावर मला आजीची तळपाय घासायची वाटीच दिसली.) आणि हा काय करतो? जिचं दूध प्यायला, तिचाच गळा धरतो. तोंड उघडलंस तर बघ म्हणे! ती मात्र त्याला ‘लेकरा’ म्हणते, दगडासारखी गप्प राहीन म्हणते.

तरुणपणी ओडिसियसच्या बापानं, लाएर्टीसनं, तिला वीस बैलांच्या मोलानं विकत घेतलं होतं. म्हणजे निष्ठा-निष्ठा म्हणून आपण गळे काढतो, पण तिला जायला दुसरं घर होतं कुठे?

पुढे १८७९ मध्ये योहान पालिसा या खगोलशास्त्रज्ञानं पोला इथून (आता क्रोएशियातलं पुला) एक लघुग्रह शोधला. त्याला हिचं नाव मिळालं: १९५ युरिक्लिया. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात असतो, सूर्याभोवतीची एक फेरी जवळपास पाच वर्षांची.

डाळ वरवरची काढून पुन्हा फोडणी दिली. कुणाला कळलं नाही. पातेलं अजून भिजतंय.